धमनीतलं कॅल्शियम दुधातून आलेलं नाही

पत्र

आदरणीय डॉक्टर,

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. वय ६१. गेली चौदा वर्षं मला आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, रोज कॅल्शियमची गोळी आणि दुखलं की पेनकिलर, असं चालतं. संक्रांतीच्या आधी पावलांचा एक्स-रे काढला. सांध्यांची झीज फार वाढलेली नाही असं निघालं, पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती : रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्सिफिकेशन दिसतं. सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, "वयानं होतं, पण हृदयाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या." घरी नणंदबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांच्या कॅल्शियमच्या गोळ्या नसांत जाऊन बसल्या. त्या दिवसापासून मी गोळी बंद केली, दूध-दही बंद केलं. संक्रांतीला तीळगूळ नुसता वाटला, तोंडात टाकला नाही. सगळ्याच औषधांची भीती बसली म्हणून मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या निम्म्या केल्या. आता सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. मुलगा पुण्याहून सांगतो, हृदयाचा कॅल्शियम स्कोअर काढून घे. ओळखीतल्या एकांनी नसा साफ करणारं चीलेशन सुचवलं, दुसऱ्यांनी के-टू व्हिटॅमिनच्या गोळ्या. माझं कोलेस्टेरॉल नेहमी नॉर्मल येतं, छातीत कधी दुखलं नाही. मग हे आलं कुठून? आणि नवरात्रात गरबा खेळता येईल का, हेही सांगा.

— एक वाचक भगिनी


उत्तर

ताई,

हे पत्र पुढे वाचण्याआधी एक फोन करा. मेथोट्रेक्झेट निम्मी केली आहे, हे तुमच्या सांध्यांच्या डॉक्टरांना सांगा. ते रागावतील या भीतीनं लपवू नका. आणि त्यांना न विचारता डोस आपल्या मनानं परत वाढवूही नका. मधल्या काळात रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या झाल्या नसतील तर त्या करून ते ठरवतील. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. वार ठरलेला असावा आणि तो घरातल्या आणखी एकाला माहीत असावा. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत, म्हणून हे मी प्रत्येक आमवाताच्या पेशंटला सांगते. त्यांना पाठ झालं असलं तरी सांगते.

आता नणंदबाईंच्या म्हणण्याकडे येऊ. त्यांच्या मनात गिझरची कॉइल असणार. बोअरचं पाणी जड असलं की कॉइलवर पांढरा थर चढतो, तसंच जास्त कॅल्शियम खाल्लं की ते रक्तातून वाहत जाऊन नसेला चिकटतं, असं वाटणं साहजिक आहे. पण धमनी ही पाण्याची नळी नाही. ती जिवंत आहे. तिच्या भिंतीत स्नायूच्या पेशी असतात, त्या आकुंचन पावतात, सैल होतात. शरीरात सतत दाह चालू राहिला की यातल्या काही पेशी आपलं काम सोडून हाड तयार करणाऱ्या पेशींसारखं वागू लागतात. हाडात ज्या प्रकारचे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे खडे बसतात, तसेच त्या भिंतीत बसवू लागतात. एरवी हे होऊ नये म्हणून शरीरात राखणदार प्रथिनं असतात. दाहात, किडनीच्या आजारात आणि मधुमेहात तो पहारा ढिला पडतो.

हा दाह तुमच्या घरी चौदा वर्षं मुक्कामाला आहे. आमवात हा नुसता बोटांचा आणि गुडघ्यांचा आजार नाही. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि त्या लढाईत जी रसायनं सुटतात (टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही त्यातली दोन मोठी), ती सांध्यापुरती थांबत नाहीत. रक्ताबरोबर सगळीकडे फिरतात. बोटाच्या सांध्याचं अस्तर सुजवणारी हीच रसायनं धमनीच्या आतल्या अस्तरालाही त्रास देतात. तुमच्या फाईलमधले सीआरपी आणि ईएसआरचे (रक्तातला दाह मोजणाऱ्या तपासण्यांचे) आकडे चौदा वर्षांच्या ओळीत लावून पाहा. ज्या काळात ते चढलेले होते, त्या काळाचा हिशोब धमन्यांनीही ठेवलेला असतो. आमवात नवा असलेल्या आणि दहा वर्षांहून जुना असलेल्या लोकांच्या हृदयाच्या धमन्यांची तुलना अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केली. कॅल्शियम जास्त आढळलं ते जुन्या आजाराच्या लोकांत, आणि त्याचा संबंध धूम्रपानाशी आणि चढलेल्या ईएसआरशी दिसला.

यातली सर्वात जीवघेणी गंमत अशी की तोच दाह हाडातून कॅल्शियम काढून घेतो. हाड खाणाऱ्या पेशींना तो जोर देतो. वर स्टिरॉइड चालू असेल तर आणखी झीज होते. म्हणून आमवाताच्या बाईच्या एक्स-रेत एकाच फिल्मवर पातळ झालेलं हाड आणि पांढरी झालेली धमनी शेजारी शेजारी दिसतात. जिथे कॅल्शियम हवं तिथे ते कमी पडतं आणि जिथे नको तिथे बसतं. हे बघून "कॅल्शियम जास्त झालं" असा निष्कर्ष काढणं म्हणजे उलटं वाचणं.

दूध बंद करून काय झालं, तेही ऐका. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या थोडक्यावर हृदयाचे ठोके, स्नायू, मज्जातंतूंचे संदेश सगळं चालतं, म्हणून रक्तातली पातळी शरीर फार काटेकोर सांभाळतं. साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत. तुम्ही खाल्लं नाही तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडाच्या खात्यातून उचल करतात. दोन महिने दूध, दही, तीळ बंद ठेवून तुम्ही धमनीतला एक कणही कमी केला नाही. उचल झाली ती मणक्यातून आणि खुब्यातून.

गोळीबद्दल मात्र मी सरळ "घ्या" म्हणणार नाही. जेवणातून येणाऱ्या कॅल्शियमनं धमन्यांना धोका वाढल्याचं दिसत नाही. गोळ्यांतून येणाऱ्या कॅल्शियमबद्दल काही अभ्यासांत शंका निघाल्या, काहींत निघाल्या नाहीत. तो वाद चालू आहे. म्हणून माझा नियम असा आहे की आधी ताट भरा आणि ताटात जे कमी पडेल तेवढंच गोळीनं भरा. तुमच्या वयाला दिवसाला साधारण १,२०० मिलिग्रॅम लागतं. गाईच्या दुधाच्या मोठ्या पेल्यात तीनशेच्या आसपास मिळतं. एक वाटी दही, दुपारी ग्लासभर छास, नाचणीची भाकरी किंवा सत्त्व, मेथी-शेपूची भाजी, आणि तीळ. न सोललेला तीळ तर कॅल्शियमनं ठासून भरलेला असतो. त्यामुळे राहिलेला तीळगूळ अजून डब्यात असेल तर खाऊन घ्या. एवढं झाल्यावर कमी पडलंच तर एक छोटी गोळी, जेवणाबरोबर. हाडांची डेक्सा तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या, म्हणजे अंदाजावर चालावं लागणार नाही.

व्हिटॅमिन डीच्या साठ हजार युनिटच्या पुड्या घेता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. हे विचारायचं कारण असं की आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेल्या पुड्या लोक दोन-दोन वर्षं घेत राहतात. मध्येच कोणीतरी इंजेक्शनही देतं. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं, आणि अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम खरंच वाढतं आणि नको तिथे बसतं. तेव्हा डीची पातळी, कॅल्शियम, फॉस्फरस एकदा तपासा आणि पुढची पुडी त्या आकड्यावर ठरू द्या.

आता एक्स-रेतली ती ओळ. धमनीच्या भिंतीला थर असतात. आतल्या थरात चरबी, दाह आणि कॅल्शियम मिळून जो गठ्ठा होतो त्याला आपण ब्लॉकेज म्हणतो. मधल्या, स्नायूच्या थरात जे कॅल्शियम बसतं ते वेगळं. जर्मन डॉक्टर म्योन्केबेर्ग यांनी १९०३ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव त्याला आहे. पावलाच्या एक्स-रेत दोन समांतर पांढऱ्या रेषा, रेल्वेच्या रुळांसारख्या, दिसल्या तर ते बहुतेक हे दुसरं असतं. त्यानं धमनी लगेच तुंबत नाही, पण ताठ होते. ताठ धमनीत रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे तुमच्या पायातली ही रेषा "हृदयात ब्लॉकेज आहे" असं सांगत नाही. ती एवढंच सांगते की या बाईच्या धमन्यांची कोणीतरी नीट चौकशी करावी.

ती चौकशी मधुमेह आणि किडनीपासून सुरू व्हावी, कारण मधल्या थरातल्या कॅल्शियमची ही दोन सर्वात मोठी कारणं आहेत. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी. क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन. किडनी तर तुमच्या बाबतीत नक्कीच, कारण "दुखलं की पेनकिलर" हे तीन शब्द तुम्ही फार सहज लिहिलेत. डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या रक्तदाब वाढवतात, किडनीवर ताण आणतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढवतात. डायक्लोफेनॅकबद्दल विशेष सावध राहावं लागतं. मेडिकलच्या दुकानात पट्टी सहज मिळते म्हणून ती चणे-फुटाण्यांसारखी नाही. महिन्याला किती गोळ्या लागतात ते खरंखरं मोजा. जास्त लागत असतील तर त्याचा अर्थ मूळ आजार काबूत नाही असा आहे, आणि त्यावर उपाय मूळ औषधात आहे. स्टिरॉइड चालू असेल तर तेही सर्वात कमी डोसात, सर्वात कमी दिवस. पण अचानक बंद करायचं नाही, तेही डॉक्टरांच्या हातानंच.

तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांनी मला रात्री झोप लागू दिली नाही. कोलेस्टेरॉल नॉर्मल येतं, आणि छातीत कधी दुखलं नाही.

पहिलं वाक्य. दाह जोरात असतो तेव्हा रक्तातलं कोलेस्टेरॉल उलट खाली जातं. आमवात भडकलेला असताना रिपोर्ट छान दिसतो आणि धोका मात्र वाढलेला असतो. औषधानं आजार शांत झाला की कोलेस्टेरॉलचा आकडा थोडा वर येतो आणि पेशंट म्हणतो, औषधानं कोलेस्टेरॉल वाढवलं. म्हणून तुमचा लिपिड रिपोर्ट आजार स्थिर असताना काढायचा, आणि नुसता एकूण आकडा बघून फाईल मिटायची नाही. युरोपातल्या सांधेरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, युलारनं, तर सांगून ठेवलं आहे की हृदयविकाराचा धोका मोजण्याचं जे गणित सर्वसाधारण लोकांसाठी आहे, त्याचं उत्तर आमवाताच्या पेशंटसाठी दीडनं गुणायचं, आणि ही मोजणी निदान दर पाच वर्षांनी करायची. काही अभ्यासांत हा धोका मधुमेहाच्या तोडीचा निघाला आहे. मधुमेह झाला की घरातले सगळे हृदयाची काळजी करू लागतात. आमवात झाला की बोटांना शेक देतात.

दुसऱ्या वाक्यासाठी मला माझ्या आईबद्दल सांगावं लागेल. तिला वीस वर्षं आमवात होता. रावपुऱ्यातल्या आमच्या घरी नवरात्रातल्या एका रात्री ती म्हणाली, डावा खांदा आज जास्तच धरलाय, जरा बाम चोळ. मला तेव्हा डॉक्टर होऊन सात वर्षं झाली होती. मी बाम चोळला. तिच्या कपाळावर घाम होता, मला वाटलं उकडतंय. खालून गरब्याचा ढोल ऐकू येत होता. तिनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि मळमळतंय म्हणून ग्लास ठेवला. घाम, मळमळ, खांदा, तिन्ही माझ्यासमोर होतं आणि मी ते आमवाताच्या खात्यात टाकलं, कारण वीस वर्षं तिचं सगळंच दुखणं त्या खात्यात जात होतं. सकाळी ईसीजी काढला. हृदयाचा एक भाग रात्रीच गेला होता. ती पुढे सहा वर्षं जगली, पण जिना चढली नाही.

आमवाताच्या लोकांत छातीत दुखण्याची तक्रार न करता येऊन गेलेले झटके जास्त आढळतात, हे मी नंतर वाचलं. रोज दुखणाऱ्या माणसाला नवं दुखणं वेगळं ओळखू येत नाही, आणि बायकांत तर झटका पुष्कळदा दम लागणं, जबडा किंवा पाठीचा वरचा भाग दुखणं, घाम, मळमळ, एकाएकी गळून जाणं अशा रूपात येतो. म्हणून तुम्हाला आणि घरातल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. सांधा दुखत असेल तर तो हलवला की दुखणं बदलतं, दाबलं की कळतं, सूज दिसते. जे दुखणं सांधा हलवून बदलत नाही, चालल्यावर किंवा चढल्यावर येतं, किंवा घामाबरोबर येतं, ते आमवाताचं धरायचं नाही. बाम शोधायचा नाही, १०८ ला फोन करायचा. पोटऱ्यांचंही तसंच. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, परत चाललं की येतो, असं होत असेल तर ते पायाच्या धमनीचं दुखणं असू शकतं.

त्यासाठी घोट्याचा रक्तदाब हाताच्या रक्तदाबाच्या किती पट आहे ते पाहतात. साधी तपासणी आहे, सुई नाही. फक्त एक सांगून ठेवते : धमनी कॅल्शियमनं ताठ झाली असेल तर पट्ट्यानं ती दबत नाही आणि आकडा खोटाच चांगला येतो. १.४ च्या वर आला तर "उत्तम" समजू नका, पायाच्या अंगठ्याच्या रक्तदाबाची तपासणी मागा.

मुलाचा कॅल्शियम स्कोअर. चिरंजीव काळजीनं सांगतात आणि त्यांचं चुकलेलंही नाही. हृदयाचा सीटी स्कॅन असतो, शिरेत औषध सोडावं लागत नाही, किरणांचा डोस कमी असतो, काही मिनिटांत होतो. हृदयाच्या धमन्यांत किती कॅल्शियम आहे याचा आकडा मिळतो. अमेरिकन डॉक्टर अ‍ॅगॅटस्टन यांनी १९९० साली ही मोजणी बसवली. शून्य आला तर धोका बराच कमी, शंभरच्या वर गेला तर औषधाचा विचार पक्का, चारशेच्या वर म्हणजे कॅल्शियम भरपूर. पण हा आकडा ब्लॉकेज किती टक्के आहे ते सांगत नाही. चारशे आला म्हणून दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीच्या टेबलावर झोपायचं नसतं. आणि आमवातात शून्य आला म्हणून निश्चिंतही व्हायचं नसतं, कारण मऊ, अजून कॅल्शियम न बसलेले गठ्ठे या तपासणीत दिसत नाहीत, आणि फुटायची भीती त्यांचीच जास्त.

माझं मत विचाराल तर, या तपासणीला अर्थ आहे तो एकाच परिस्थितीत : स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) सुरू करायचं की नाही याबद्दल तुम्ही आणि डॉक्टर दोघंही काठावर असाल तेव्हा. रक्तदाब, साखर, वय आणि दीडचा गुणाकार पाहून स्टॅटिन द्यायचं असं आधीच ठरत असेल, तर स्कोअरनं काही बदलणार नाही. आमवाताच्या सुमारे तीन हजार लोकांवर ब्रिटनमध्ये अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची चाचणी झाली होती, २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. अपेक्षेपेक्षा कमी झटके आल्यानं ती लवकर थांबवली, त्यामुळे हृदयासाठीचा फायदा आकडेशास्त्रानं पक्का ठरला नाही, पण कल फायद्याकडेच होता आणि औषध सुरक्षित निघालं. स्टॅटिन सुरू केल्यावर मात्र दरवर्षी स्कोअर काढू नका. या औषधानं मऊ गठ्ठे घट्ट होतात, त्यात कॅल्शियम दाट बसतं, आणि आकडा वाढू शकतो. तो वाढला म्हणून औषध सोडून देणारे मी पाहिले आहेत. फार वाईट वाटतं.

चीलेशनला माझा स्पष्ट नकार आहे. ईडीटीए नावाचं औषध शिरेतून सोडतात. ते रक्तातलं कॅल्शियम धरतं हे खरं, पण धमनीच्या भिंतीतला खडा विरघळवून ती परत मऊ करत नाही. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं तर हृदयाची लयच बिघडू शकते, किडनीला इजा होऊ शकते. झटका येऊन गेलेल्या मधुमेहींवर झालेल्या मोठ्या चाचणीत २०२४ साली फायदा दिसला नाही. हजारो रुपये घेऊन बाटल्या लावणाऱ्यांना हे माहीत असतं. के-टू इतकं धोक्याचं नाही. त्यामागचा विचारही चुकीचा नाही, कारण कॅल्शियम अडवणाऱ्या एका राखणदार प्रथिनाला व्हिटॅमिन के लागतं. पण डेन्मार्कमध्ये पुरुषांना दोन वर्षं के-टू आणि डी देऊन पाहिलं, हृदयाच्या झडपेवरचं कॅल्शियम वाढायचं थांबलं नाही, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या पैशात महिनाभराची भाजी येईल. आणि रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेत असाल तर के-टू चुकूनही नको.

मग काय करायचं? जी गोष्ट तुम्ही घाबरून निम्मी केलीत, तीच पहिली. आमवात शांत ठेवणं हाच धमन्यांचा सर्वात मोठा उपचार आहे. मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या आमवाताच्या पेशंटांत हृदयविकार कमी आढळल्याचं अनेक निरीक्षणांत दिसलं आहे. सकाळची तासभराची ताठरता म्हणजे आजार परत पेटतोय. मेथोट्रेक्झेटनं भागत नसेल तर डॉक्टर दुसरी औषधं जोडतील. नव्या गोळ्यांपैकी टोफासिटिनिब सुचवलं गेलं तर एक्स-रेतली ही ओळ आवर्जून दाखवा. पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा एखादा तरी धोका असलेल्या लोकांत टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांच्या तुलनेत या गोळीनं झटके जास्त दिसले होते, २०२२ च्या अहवालात. निवड करताना डॉक्टरांना ते लक्षात घ्यावं लागेल.

तंबाखूबद्दल विचारलं तर राग मानू नका. आपल्याकडच्या कितीतरी घरांत सकाळी दातांना तपकीर लावायची सवय आहे. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून ती डॉक्टरांना कोणी सांगतही नाही. लावत असाल तर सोडा. घरात कोणी विडी-सिगरेट ओढत असेल तर त्यांनी तुमच्यासाठी ती बाहेर न्यावी, आणि पुढे सोडावी. मीठ हा बडोद्यातला दुसरा प्रश्न. शेव-उसळीवरची शेव, गाठिया, पापड, लोणचं, वर खारी बिस्किटं, आणि मग जेवणात "मी मीठ कमीच घेते". रक्तदाब घरी मोजायचं यंत्र घ्या, सकाळी बसून, पाच मिनिटं शांत झाल्यावर मोजा आणि वहीत लिहा. आठवडाभराची ती वही दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा कामाची.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." हृदयाचे डॉक्टर ईसीजी पाहून म्हणतील, "काही नाही, आमवाताचं बघा." या दोन दवाखान्यांच्या मध्ये, रिक्षात, पेशंटचा धोका बसलेला असतो आणि त्याचा मालक कोणी नसतो. म्हणून एका डॉक्टरांना मालक करा. तुमचे घरचे फिजिशियन असतील तर उत्तम. त्यांच्यापुढे एक कागद ठेवा : आमवात किती वर्षं, आताची सगळी औषधं डोससकट, महिन्याच्या पेनकिलरचा खरा आकडा, एक्स-रेची ओळ, माहेरी कोणाला लवकर झटका आला होता का. आणि सरळ विचारा, "माझ्या हृदयाचा धोका आमवात धरून मोजलात का?" हा प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही.

राहिला गरबा. नवरात्राला अजून सात-आठ महिने आहेत, आणि तेवढ्यात पुष्कळ होतं. आजपासून सूरसागरला एक फेरी, मग दोन. गुडघे बरे असतील त्या दिवशी कमाटी बागेत सावकाश अर्धा तास. सांधा सुजलेला असेल त्या दिवशी त्या सांध्याला विश्रांती द्या, बाकीच्यांना नाही. चालताना बोलता येईल इतकाच वेग. तळवे मऊ असलेले बूट घाला, पाऊल रोज रात्री बघा, जखम किंवा काळा डाग दिसला तर थांबू नका. भाद्रपदात रक्तदाबाची वही आणि सीआरपी घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांनी हो म्हटलं की सोसायटीतला पहिला गरबा तुमचा. सुरुवातीचा संथ, आरतीनंतरचा, ज्यात लहान मुली आणि आज्या एकाच वर्तुळात असतात. ढोल चढला की बाजूच्या खुर्चीवर येऊन बसा. बोटं दुखत असतील तर टाळी तळव्यानं न देता मांडीवर द्या. माझी आई तशीच द्यायची.